आधी ऑइल, मग पोलाद

शेव्हरोले सिल्व्हरॅडो किंवा जीएमसी सिएरा या अमेरिकी पिकअप गाड्यांची एक ख्याती आहे. इंजिन थकत नाही, पण त्यामागचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्याआधीच दगा देतो. टेक्सासातला शेतकरी मागे गुरांचा ट्रेलर जोडतो, मिशिगनमधलं कुटुंब होडी ओढत तळ्यावर जातं, आणि एखाद्या चढावर इंजिन नुसतंच घोंघावतं, गाडी मात्र वेग घेत नाही. मग गिअरबॉक्स उतरवायचा, खोलायचा, जळालेल्या प्लेटा आणि कडक झालेली सीलं बदलायची. बॉक्स उघडाच आहे तर कारखान्याने दिलेले कच्चे भाग काढून त्यांच्या जागी दणकट भाग का बसवू नयेत, असा विचार त्याच वेळी मालकाच्या मनात येतो. विचार योग्य आहे. तो अंमलात आणताना क्रम मात्र बहुतेकदा उलटा लागतो. जो भाग जळाला किंवा तुटला तोच कच्चा, असं धरून आधी पोलादावर पैसा जातो, आणि ज्या ऑइलच्या दाबावर हे सगळं पोलाद चालतं, त्या दाबाच्या गळतीकडे कोणी पाहत नाही. माझं म्हणणं असं, की या गिअरबॉक्समधले बहुतेक ‘कच्चे’ भाग स्वतः कच्चे नाहीत. ते दुसरीकडच्या गळतीचे बळी आहेत. एक-दोन अपवाद खरे आहेत आणि तेही महत्त्वाचे आहेत.

हे समजायला ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये नेमकं काय चालतं ते पाहायला हवं. आपल्याकडेही हे तंत्र आता परकं नाही. चाकणला तयार होणाऱ्या स्कॉर्पिओ-एनची ऑटोमॅटिक आवृत्ती असो वा टोयोटाची हायलक्स, मूळ तत्त्व तेच. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये नेहमीच्या क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात इंजिनाच्या बाजूची पाती ऑइल फेकतात आणि त्या ऑइलच्या मारानं समोरची पाती फिरतात. पुढे प्लॅनेटरी गिअरचे संच असतात. मधोमध सन गिअर, त्याभोवती फिरणारे छोटे पिनियन आणि सगळ्यांना वेढणारा रिंग गिअर. यांतला एक भाग अडवला, दुसऱ्याला फिरवलं, की तिसऱ्यातून वेगळा वेग मिळतो. गिअर बदलताना कोणतेही दाते सरकत नाहीत, फक्त कोणाला धरायचं आणि कोणाला सोडायचं एवढं बदलतं. धरण्याचं काम क्लचचे थर आणि पोलादी पट्टा, म्हणजे बँड, करतात. आणि क्लच असो वा बँड, त्याला आवळणारी ताकद एकच आहे. पंपातून निघून व्हॉल्व्ह बॉडीच्या वाटांमधून येणाऱ्या ऑइलचा दाब. या यंत्रात ऑइल वंगण आहेच, पण त्याआधी ते स्नायू आहे.

ज्या गिअरबॉक्सबद्दल मी लिहितो आहे त्याचं नाव ४एल६०-ई. जनरल मोटर्सने १९८२ मध्ये ७००-आर४ नावाचा चार गिअरचा बॉक्स आणला. १९९० मध्ये त्याचं नाव ४एल६० झालं आणि १९९३ पासून त्याचा कारभार हळूहळू संगणकाकडे गेला, तेव्हा नावामागे ‘ई’ लागला. पहिला गिअर ३.०६, दुसरा १.६३, तिसरा थेट १ आणि चौथा ०.७० ही गुणोत्तरं पहिल्यापासून तशीच राहिली. जुळवणीही बहुतांश तीच राहिली. त्यापुढचं इंजिन मात्र बदलत गेलं. १९८२ च्या कॉर्व्हेटमध्ये या बॉक्ससमोर २०० अश्वशक्तीचं इंजिन होतं. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये त्याच घराण्यातल्या बॉक्ससमोर ३४५ अश्वशक्ती उभी राहिली. पिकअपमधल्या ५.३ लिटरच्या व्ही-८ इंजिनाने १९९९ मध्ये २७० अश्वशक्ती दिली आणि पुढच्या काही वर्षांत ती २९५ पर्यंत गेली. त्यात पिकअपचं काम कॉर्व्हेटसारखं मोकळ्या रस्त्यावर धावण्याचं नाही. तिला वजन ओढायचं असतं, चढावर थांबून पुन्हा निघायचं असतं, ट्रेलर मागे ढकलायचा असतो. मूळ बेताच्या बाहेरचं ओझं या बॉक्सवर आलं हे नाकारता येत नाही, आणि ‘सगळंच दणकट करा’ या विचाराला बळ इथूनच मिळतं.

आधी अपवाद पाहू, कारण तो माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारा सर्वांत भक्कम पुरावा आहे. या बॉक्समध्ये सन शेल नावाचा पत्र्याच्या टोपीसारखा एक पोलादी भाग आहे. एका बाजूला तो रिव्हर्सच्या ड्रमला जोडलेला असतो, दुसऱ्या बाजूला त्याची खाचांची मान मागच्या सन गिअरला धरते. दुसऱ्या आणि चौथ्या गिअरला बँड हा ड्रम अडवतो, म्हणजे शेलमार्फत सन गिअरच अडवला जातो. रिव्हर्समध्ये तर इंजिनाचं सगळं बळ, कन्व्हर्टरने वाढवलेलं, याच शेलमधून जातं, आणि त्या वेळी ऑइलचा दाबही पुढच्या गिअरच्या मानाने जवळजवळ दुप्पट असतो. शेलची ती मान चिरते किंवा कापली जाते. मग गाडी पहिल्या गिअरवर निघते, तिसऱ्यावरही चालते, पण दुसरा, चौथा आणि रिव्हर्स तिन्ही एकदम नाहीसे होतात. हे लक्षण इतकं ठाशीव आहे, की बॉक्स खोलण्याआधीच जाणकार मेकॅनिक निदान सांगतो. दुसरा आणि चौथा गेला पण रिव्हर्स शाबूत असेल, तर दोष बँडचा किंवा त्याला ढकलणाऱ्या सर्व्होचा. तिसरा आणि चौथा गेला, तर तीन-चारचा क्लच. गेलेले गिअर मोजले की तुटलेला भाग हाती लागतो, आणि पुनर्बांधणीत ही पायरी कोणी गाळू नये.

सन शेलच्या तुटण्यात ऑइलचा दोष शोधून सापडणार नाही. पत्रा पातळ, मान नाजूक आणि भार जास्त, असा तो सरळ हिशेब आहे. पुढे कारखान्यानेही हा भाग अधिक कठीण करून दिला आणि बाजारात जाड मानेचे, उष्णतेची प्रक्रिया केलेले शेल मिळू लागले. या भागाची किंमत पूर्ण कामाच्या तुलनेत किरकोळ आहे, पण तो बदलायचा तर सगळा बॉक्स उतरवून खोलावा लागतो. म्हणून पुनर्बांधणी कोणत्याही कारणाने होत असो, जुना शेल परत बसवणं मला समर्थनीय वाटत नाही. तो न तुटलेला दिसला तरीही. कच्चा भाग बदलण्याचं खरं उदाहरण असं असतं. तुटण्याचं कारण त्याच भागात आहे, तुटला तर सगळं काम पुन्हा करावं लागेल, आणि बदलण्याचा खर्च थोडा आहे. या तीन कसोट्या एकत्र लागू पडणारे भाग मात्र या बॉक्समध्ये फारसे नाहीत.

आता तीन-चारच्या क्लचकडे येऊ. या बॉक्सचा सर्वांत बदनाम भाग तोच. खोललेल्या बॉक्समध्ये बाकी सगळ्या प्लेटा बऱ्या आणि याच्या तेवढ्या काळ्या कोळशासारख्या, हे चित्र फार परिचयाचं आहे. त्यावरून निष्कर्ष निघतो, की कारखान्याने इथे पुरेशा प्लेटा दिल्या नाहीत. व्ही-८ च्या बॉक्समध्ये घर्षणाच्या प्लेटा साधारण सहा असतात. बाजारात सात, आठ, अगदी नऊ प्लेटांचे संच मिळतात. ते बसवले की प्रश्न सुटला, असा समज आहे. पण या क्लचला ऑइल कुठून येतं ते पाहा. ते पंपाच्या आधारनळीतून, फिरत्या इनपुट शाफ्टवरच्या सीलिंग रिंगांमधून, शाफ्टच्या पोकळीतून ड्रमपर्यंत पोहोचतं. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना हेच ऑइल आणखी एक काम करतं. सर्व्होच्या सुटकेच्या बाजूला जाऊन ते बँड सैल करतं. म्हणजे सर्व्होच्या पिस्टनचं सील कडक झालं असेल, त्याच्या पिनचा बोअर झिजला असेल, किंवा सर्व्होजवळ केसिंगमध्ये बसवलेली छोटी चेकबॉल कुपी नीट बंद होत नसेल, तर गळती तिकडे होते आणि जळतो तीन-चारचा क्लच. कालव्याच्या शेपटाला असलेल्या शेतकऱ्यासारखी त्याची गत आहे. वर कुठेही पाणी फुटलं की पीक याचं वाळतं, आणि बघणारा म्हणतो की याची जमीनच हलकी.

हा मुद्दा आकड्यांनी तपासता येतो. क्लच किती बळ पेलू शकतो हे चार गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं. घर्षणाचे पृष्ठभाग किती, ते कोणत्या व्यासावर आहेत, अस्तराची पकड किती, आणि पिस्टन त्यांना किती जोराने दाबतो. सहाच्या जागी आठ प्लेटा घातल्या तर पेलण्याची ताकद एक-तृतीयांशाने वाढते. पण वाटेतल्या गळतीने क्लचपाशी पोहोचणारा दाब एक-चतुर्थांशाने घटला, तर आठ प्लेटा पुन्हा जुन्या सहाइतकंच पेलतात. प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण पिस्टनला आधी परतीच्या स्प्रिंगांचा जोर मोडावा लागतो आणि दाबाचा तेवढा वाटा दोन्ही वेळा तसाच खर्च होतो. म्हणजे महागडा संच बसवून मालकाने जे कमावलं, ते एका झिजलेल्या बोअरने परत घेतलं. दुसरी बाब उष्णतेची आहे. ड्रमची खोली ठरलेली असते. त्यात जास्त प्लेटा मावायच्या, तर प्लेटा पातळ हव्यात, आणि त्यांच्यामधल्या पोलादी चकत्याही पातळ. क्लच पकड घेताना जो क्षणभर घसरतो, त्या घसरणीची उष्णता शोषून घ्यायचं काम या पोलादी चकत्याच करतात. चकत्या पातळ झाल्या की उष्णता सामावायला पोलाद कमी उरतं. दाब पूर्ण असेल तर घसरण थोडा वेळ टिकते आणि पातळ चकत्या ती निभावून नेतात. दाब अपुरा असेल तर जास्त प्लेटांचा संच आधीच्या संचापेक्षा लवकरही जळू शकतो. दर्जेदार अस्तराचा, जास्त प्लेटांचा संच वाईट, असं मी म्हणत नाही. गळती बंद केल्यानंतर तो उपयोगाचा आहे, त्याआधी नाही.

कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच हा याच म्हणण्याचा दुसरा साक्षीदार. मोकळ्या रस्त्यावर ऑइलमधली घसरण वाया जाऊ नये म्हणून हा क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडतो. १९९५ पासून संगणक तो एकदम न लावता झपाट्याने उघडझाप करणाऱ्या सोलेनॉइडने हळुवार लावू लागला. चालकाला धक्का कळू नये हा हेतू. त्या उघडझापीमुळे लॉक-अपचा दाब राखणारा व्हॉल्व्ह आपल्या बोअरमध्ये सतत थरथरत राहतो. बोअर अ‍ॅल्युमिनियमचा, तो अंडाकृती झिजतो, दाब निसटतो आणि लॉक-अप घसरू लागतो. संगणक पी-१८७० हा दोषसंकेत नोंदवतो, ज्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्समधलं काहीतरी घसरतं आहे. नेमकं काय, ते त्यालाही सांगता येत नाही, कारण यांतल्या बहुतेक बॉक्समध्ये तो फक्त इंजिनाचे फेरे आणि बाहेर पडणारे फेरे यांची तुलना करतो. मग तो लॉक-अप बंद ठेवतो आणि बचाव म्हणून सगळ्या बॉक्सचा दाब कमाल करतो. त्यामुळे पहिल्यावरून दुसरा गिअर दणकन पडतो. मालक तक्रार घेऊन येतो ती या दणक्याची. कोणी कन्व्हर्टर बदलतं, कोणी सोलेनॉइड, कोणी प्लेटा. झिजलेला बोअर जिथल्या तिथे असतो आणि काही महिन्यांनी तोच संकेत परत येतो. यावरचा उपाय व्हॉल्व्ह बॉडीतच आहे. बोअर रीम करून त्यात किंचित मोठ्या मापाचा व्हॉल्व्ह बसवायचा. व्हरमाँटमधल्या सोनॅक्स कंपनीने अशा व्हॉल्व्हवर आणि त्यांच्या हत्यारांवर मोठा व्यवसाय उभा केला आहे. दुसरा मार्ग ट्रान्सगोसारख्या कंपन्यांच्या किटने लॉक-अप साध्या चालू-बंद पद्धतीवर आणण्याचा. भाग इवलासा, किंमत बेताची, पण त्याने जेवढं वाचतं तेवढं महागड्या ड्रमनेही वाचत नाही.

यावर अनुभवी गॅरेजवाले एक आक्षेप घेतात आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. ते म्हणतात, आम्ही वर्षानुवर्षं जास्त प्लेटा, मोठा सर्व्हो आणि दाब वाढवणारा बूस्ट व्हॉल्व्ह घालतो, बोअर मोजत बसत नाही, आणि आमचे बॉक्स चालतात. ते चालतात हे खरंच आहे. पण पुनर्बांधणीत याबरोबर शाफ्टच्या रिंगा, पिस्टनांची सीलं आणि गॅस्केटंही नवी बसतात. निम्मी गळती त्यानेच थांबते आणि श्रेय प्लेटांना मिळतं. बूस्ट व्हॉल्व्हचंही तसंच. पंपाकडून येणारा मूळ दाब वाढवला की गळतीनंतर उरणारा दाबही वाढतो, म्हणून क्लच तगतो. गळती झाकण्याची ही पद्धत चालते, पण तिची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. वाढलेला दाब जिथे गळती नाही तिथेही पोहोचतो. तिथल्या पकडी झटक्याने लागतात, आणि तो झटका सन शेल, इनपुट ड्रमच्या खाचा, मागचा धुरा सगळ्यांना सोसावा लागतो. पंप या बॉक्समध्ये पात्यांचा आहे; त्याच्या रिंगा आणि रोटर यांवरही जादा भार येतो, आणि पंपाची रिंग तुटली तर तिचे तुकडे ऑइलबरोबर सगळीकडे फिरतात. गळती तशीच ठेवून दाब वाढवणं म्हणजे एक कमकुवत जागा झाकताना तीन नव्या तयार करणं. गळती बंद केल्यावर बूस्ट व्हॉल्व्ह जरूर घालावा, त्या वेळी तो माफक असला तरी पुरतो.

दुसरा आक्षेप उलट टोकाचा आहे. जनरल मोटर्सच्या अभियंत्यांना हे कळत नव्हतं का, आणि एखाद्या गॅरेजने त्यांच्या रचनेत हात का घालावा? त्यांना कळत होतं, पण त्यांच्यापुढे वजन, खर्च आणि प्रवाशाला धक्का न जाणवणं या अटी होत्या. गिअर हळुवार पडावा म्हणून अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये थोडं ऑइल वळवून क्लचला मुद्दाम क्षणभर घसरू दिलं जातं. शहरात रिकाम्या चालणाऱ्या गाडीत ही घसरण निरुपद्रवी आहे, तीन टनांचा ट्रेलर मागे असताना ती महाग पडते. आणि कारखान्यानेही आपली रचना पवित्र मानली नाही. पंपाच्या पात्यांची संख्या सातावरून दहावर गेली, शेल कठीण झाला, पुढच्या ४एल६५-ई मध्ये प्लॅनेटरीत चारऐवजी पाच पिनियन आले. गॅरेजमधला सुधारक याच वाटेवर थोडं पुढे जातो, एवढंच. मात्र कारखान्याने प्रत्येक बदलाआधी मोजमाप केलं होतं, आणि त्याबाबतीत गॅरेजने त्यांच्याकडून शिकावं. व्हॉल्व्ह बॉडीच्या बोअरना व्हॅक्यूम लावून गळती मोजता येते. जुळणी होत असताना प्रत्येक क्लचमध्ये दाबाची हवा सोडून पिस्टन हलतो का, हवा कुठून सुसकारते, हे ऐकता येतं. केसिंगवर दाब मोजायला प्लग दिलेला असतो, त्याला गेज लावता येतो. या तीन चाचण्यांना लागणारा वेळ हा पुनर्बांधणीतला सर्वांत किफायतशीर वेळ आहे, असं मला वाटतं, आणि घाईत सर्वांत आधी तोच कापला जातो याचं वाईट वाटतं.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. हा बॉक्सच दुबळा आहे तर त्याच्याशी झगडण्यापेक्षा भारी पिकअपमधला ४एल८०-ई बसवून का मोकळं होऊ नये? १९९१ मध्ये आलेला तो बॉक्स टर्बो ४०० या जुन्या भक्कम बॉक्सच्या घराण्यातला आहे आणि खरोखर दणकट आहे. इंजिनाची ताकद दीडपट-दुप्पट केली असेल तर हाच मार्ग बरोबर. पण मूळ इंजिनावर चालणाऱ्या पिकअपला हा सौदा वाटतो तितका सोपा नाही. बॉक्स जड आणि लांब, त्यामुळे खालचा आडवा आधार सरकवावा लागतो, प्रॉपेलर शाफ्ट आखूड करावा लागतो, वायरिंग आणि संगणकाची प्रणाली बदलावी लागते. त्याचा पहिला गिअर २.४८ आहे. म्हणजे ट्रेलर जोडून जागेवरून निघताना ४एल६०-ई चा ३.०६ जितका जोर देतो, तितका हा देत नाही. ज्याचा दोष ऑइलच्या वाटेत आहे, त्यासाठी गाडीचा सांगाडा बदलण्याचं कारण मला दिसत नाही.

ऑइलची वाट नीट झाली, की पोलादी सुधारणांना अर्थ येतो, आणि त्यांचाही क्रम गाडीच्या कामावरून लागतो. रुंद आणि चांगल्या अस्तराचा बँड आणि ज्याला सगळेच ‘कॉर्व्हेट सर्व्हो’ म्हणतात तो मोठ्या पिस्टनचा सर्व्हो, ही जोडी ओझं ओढणाऱ्या गाडीला लगेच जाणवेल असा फायदा देते. मोठ्या पिस्टनला तोच दाब जास्त बळ देतो आणि दुसरा गिअर घसरत नाही. पण सर्व्होच्या पिनची लांबी मोजून बँडचा मोकळेपणा राखला नाही तर नवा बँडही घासत राहतो. पंपाच्या कठीण रिंगा आणि जास्त फेऱ्यांवर तग धरणारा रोटर स्वस्त आहेत, ते घालावेत. इनपुट ड्रम अ‍ॅल्युमिनियमचा आणि त्यात दाबून बसवलेला पोलादी शाफ्ट. तो सैल झालेला नाही ना, खाचा बोथट झालेल्या नाहीत ना, हे तपासावं, आणि शंका असेल तर मजबुती दिलेला ड्रम घ्यावा. पाच पिनियनच्या प्लॅनेटरी, खास पोलादाचे शाफ्ट ही मूळ इंजिनाच्या पिकअपची गरज नाही. तिथे वाचलेला पैसा कूलरवर जावा.

कूलरला मी शेवटी आणतो आहे, पण तो शेवटचा नाही. क्लच जळून बॉक्स उतरवलेला असतो तेव्हा अस्तराचा भुगा आणि धातूचा चुरा कूलरच्या नळ्यांत आणि कन्व्हर्टरच्या पोटात जाऊन बसलेला असतो. कन्व्हर्टर कापून आतून साफ केल्याशिवाय तो चुरा निघत नाही, म्हणून जुना कन्व्हर्टर नव्या बॉक्ससमोर बसवणं ही खोटी बचत आहे. कूलर धुऊन त्यातून ऑइलचा प्रवाह मोजावा. नीट धुतला जात नसेल तर बदलावा. रेडिएटरच्या टाकीतला कूलर आतून फुटला तर इंजिनाचं कूलंट ऑइलमध्ये मिसळतं आणि क्लचची अस्तरं पोलादापासून सुटून येतात. असा बॉक्स आला की दोष प्लेटांवर टाकण्याआधी ऑइलचा रंग पाहावा, ते गुलाबी दुधासारखं दिसतं. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला रेडिएटरच्या पुढे वेगळा, भरपूर क्षेत्रफळाचा कूलर हवाच. गरम ऑइल पातळ होतं, पातळ ऑइल झिजलेल्या बोअरमधून जास्त गळतं, दाब पडतो, क्लच घसरतो आणि ऑइल आणखी गरम होतं. चढावर ‘टो-हॉल’चं बटण दाबलं की संगणक दाब वाढवतो आणि चौथ्यावर वारंवार उड्या मारणं थांबवतो. ज्याने हजारो डॉलर पुनर्बांधणीत घातले त्याने हे बटण वापरण्याचा कंटाळा करू नये.

एक काम बॉक्स परत गाडीत चढल्यावर उरतं आणि बऱ्याचदा राहून जातं. चालता चालता हा संगणक गिअर पडायला किती वेळ लागतो ते पाहतो, आणि तो वाढत गेला तर पुढच्या वेळी दाब किती ठेवायचा याची नोंद आपल्या स्मृतीत बदलत राहतो. जुना बॉक्स मरणपंथाला लागलेला असताना साठलेल्या या नोंदी घसरत्या प्लेटांच्या मापाच्या असतात. त्या पुसल्या नाहीत, तर नव्या प्लेटांवर, नव्या सर्व्होवर आणि सुधारलेल्या व्हॉल्व्ह बॉडीवर पहिल्याच फेरीत जुन्या रोगाची मात्रा पडते, गिअर आदळतात, आणि मालकाला वाटतं की दणकट भागांचा हाच स्वभाव. स्कॅनर लावून त्या नोंदी पुसायच्या, गेज जोडलेला असतानाच गाडी हलक्या आणि मध्यम भारावर फिरवून आणायची, ऑइल पुरतं तापल्यावर दाब पुन्हा वाचायचा. थंड ऑइलवर बरोबर दिसलेला दाब गरम झाल्यावर खचत असेल, तर बॉक्समध्ये कुठेतरी गळती अजून शिल्लक आहे, आणि ट्रेलर जोडण्याआधीच तो पुन्हा उतरवावा.